नळीचं दुसरं टोक

१२ फेब्रुवारी १९९४, खोपट

डोंबिवलीहून डॉ. आठल्यांचा फोन आला. "मढवी, येऊन जा. मशीन बिघडलेलं नाही. मीच जरा बिघडलोय."

दातांच्या डॉक्टरांत हा माणूस मला आवडतो. बाकीचे मला मागच्या दाराने घेतात, हे पुढच्या दाराने घेतात आणि चहा विचारतात. गेलो. दवाखान्यात सकाळचं ऊन खिडकीतून तिरकं आत आलेलं. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसलेल्या. डॉक्टर म्हणाले, "आता नुसतं बघा हं." आणि त्यांनी एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, चालू केलं. मी सवयीने कान दिला. बेअरिंग ठीक, पाणी ठीक. "ऐकू नका हो," ते म्हणाले, "बघा!"

बघितलं. बाईंच्या तोंडातून बारीक वाफ उठत होती. उन्हाच्या पट्ट्यात स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांच्या कपाळावरून, दिव्यावरून वर चढत होती आणि वर जाऊन तिथंच लोंबकळत होती. इतकी वर्षं मी ही मशीनं उघडतो, जोडतो, कान लावून त्यांची दुखणी सांगतो. आवाज बदलला की बेअरिंग गेलं हे मला रिक्षातून उतरताना कळतं. पण हे कधी नजरेस पडलं नव्हतं.

बाई गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे नुसतं पाणी नाही, मढवी. माणसाच्या तोंडात जे जे आहे ते सगळं ह्यात आहे. एखाद्याला क्षय असला तर तोसुद्धा. तो माणूस घरी जातो, हे इथं हवेत राहतं. मग मी ओढतो आत. पुढचा पेशंट ओढतो." आता ते तोंडाला पट्टी बांधतात, काम सुरू करण्याआधी पेशंटला औषधाच्या पाण्याने चूळ भरायला लावतात, खोकणाऱ्याला शेवटचा नंबर देतात. पण त्यांना हवंय ते असं, की वाफ तोंडातून निघाली की तिथल्या तिथं पकडायची.

मी म्हटलं, "वागळे इस्टेटीत होतो तेव्हा रंगाच्या फवाऱ्यामागे पंखा लावायचे. रंग मारणाऱ्याच्या नाकात जाऊ नये म्हणून. तसंच करू."

"जमेल?"

"डॉक्टर, कोळशेतच्या खाडीत जाळं टाकणाऱ्याचा मुलगा आहे मी. पकडायचं म्हटलं की पकडायचं."

फार हसले. मीही हसलो. येताना सगळा रस्ता डोक्यात तेच.

३ मार्च

बसवलं. तांबट आळीतून पत्र्याचं मोठ्या तोंडाचं नरसाळं करून घेतलं, टेबललॅम्पच्या हातावर चढवलं, म्हणजे पेशंटच्या हनुवटीपाशी हवं तसं वळतं. खाली जाड नळी. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर मागच्या खोलीत ठेवली, त्यामुळे पुढे आवाज जवळपास नाहीच. डॉक्टरांनी उन्हाच्या पट्ट्यात करून बघितलं. वाफ निघाली आणि नरसाळ्यात शिरली, जशी काही तिला हाक मारली होती. डॉक्टर लहान मुलासारखे टाळी वाजवायचे बाकी राहिले.

कलावतीने विचारलं, "काका, ह्याला म्हणायचं काय?" कलावती म्हणजे डॉक्टरांची मदतनीस. हत्यारं हातात देते, मागच्या खोलीत ती धुते, उकळते. पोरगी चटपटीत, आयरे रोडला चाळीत सासर, माहेर टिटवाळ्याचं. एक लहान मुलगी आहे तिला. मागे काम करताना सारखी काहीतरी गुणगुणत असते, सूर पक्का.

म्हटलं, "कर्णा म्हण."

"लग्नात लावतात तो?"

"तो ओकतो, हा गिळतो."

"गिळून टाकतो कुठं पण?"

"बाहेर," म्हटलं. नळी मागच्या भिंतीतल्या भोकातून सोसायटीच्या अंगणात काढलेली.

७ मार्च

सोसायटीचे सेक्रेटरी टिल्लू सकाळीच दवाखान्यात. मलाही बोलावून घेतलं होतं. माणूस वाईट नाही, पण बोलताना वर्गात उभा असल्यासारखा बोलतो.

"डॉक्टर, अंगणात काय चाललंय? बायकांनी पापड घातलेत, कुरडया घातल्यात. आणि तुमची नळी त्यांच्यावर रोग्यांची थुंकी फुंकतेय!"

डॉक्टर म्हणाले, "थुंकी नव्हे हो, हवा."

"हवा कोणाच्या तोंडातली?"

मी मध्ये पडलो. "टिल्लूसाहेब, मग वरून काढतो. गच्चीपर्यंत पाइप नेतो."

"बिल्डिंगच्या भिंतीवर पाइप? जनरल बॉडीत आणावं लागेल. आणि जनरल बॉडी वाळवणं उरकल्यावर."

शेवटी तोड मीच काढली. पापडांचे दिवस संपेपर्यंत नळी आतच सोडायची, मागच्या खोलीत, फिनेलच्या पाण्याच्या डब्यात. पाण्यातून गेली की हवा धुतली जाईल. भोक विटा लावून बंद केलं. टिल्लू खूश, डॉक्टर खूश. नळी पाण्यात बुडवली तेव्हा मोटर कुंथायला लागली, आवाज पार पुढपर्यंत जायला लागला. म्हणून तोंड पाण्याच्या थोडं वर ठेवलं. आता एकदम शांत. डॉक्टर म्हणाले, "मढवी, हे चालू आहे की बंद?" ह्याहून मोठं शाबासकीपत्र मेकॅनिकला नाही.

कलावती म्हणाली, "काका, इथं ओलसर वाटतंय."

"फिनेल आहे. चांगलं असतं."

ती त्या डब्याशेजारच्या स्टुलावर बसून डबा खाते. म्हणाली, "जेवताना वास येईल." म्हटलं, "चार दिवस काढ."

११ एप्रिल, पाडवा

घरी सगळे गुढीच्या गडबडीत, मी डोंबिवलीला. डॉक्टरांच्या ओळखीचे ठाण्याचे दोन डॉक्टर कर्णा बघायला येणार होते. आले, बघितला, कान लावून ऐकला. एक म्हणाला, "आवाज नाही म्हणजे ओढत नसणार." मी त्याच्या हातात रुमाल दिला, कर्ण्यासमोर धरायला लावला. रुमाल गेला आत! काढायला अर्धा तास. पण ऑर्डर मिळाली.

नळीचं राहून गेलं. टिल्लूंना रस्त्यात भेटलो तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "आता लोणच्याच्या कैऱ्या वाळतायत." असो. आमच्या धंद्यात म्हण आहे, चालतंय त्याला हात लावू नये.

२८ एप्रिल

आठल्यांकडे एक गृहस्थ सारखे येतात. दौलतराव, कल्याणचे, गिरणीतून निवृत्त. समोरचे दात बसवायचेत, त्यामुळे बसायचं फार. काय माणूस! तोंडाशी कर्णा लावला तरी बोलायचे थांबत नाहीत. "अहो मढवी, ह्यात माझी बायको जाईल का?" आणि स्वतःच हसतात, हसता हसता खोकतात. छातीतून येणारा, ओला, जुना खोकला. विडीचा असणार. डॉक्टरांनी त्यांना शेवटचा नंबर दिलेला असतो आणि कर्णा अगदी तोंडाशी. मी उभा राहून बघतो. एक कण सुटत नाही बाहेर. सगळं नळीत.

२ जुलै

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. दौलतरावांना क्षय निघाला. फुप्फुसाचा, चांगला मुरलेला. त्यांचा मुलगा सांगून गेला. डॉक्टर पांढरेफटक पडले होते म्हणे. लगेच स्वतःचा फोटो काढून आणला छातीचा. स्वच्छ! मला फोन केला, "मढवी, आत्ताच्या आत्ता या," आणि मी पोचलो तर हातात पेढ्यांचा पुडा. "इतके महिने त्या माणसाच्या तोंडावर वाकून काम केलं मी. तुमच्या कर्ण्याने वाचवलं." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आता दातांच्या डॉक्टरांची सभा असते त्यात ते कर्ण्यावर बोलणार आहेत, मला शेजारी उभं करून. मला! नववी नापास!

पेढे कलावतीने फिरवले. म्हटलं, "तू घे ना." म्हणाली, "नको काका, गोड खाल्लं की घशात खवखवतं." जरा वाळल्यासारखी वाटली. गुणगुणत पण नव्हती. सासूशी वाजलं असेल.

१९ ऑगस्ट

सभा झाली. टाळ्या पडल्या. कल्याणच्या तिघांनी नावं दिली.

आठल्यांकडे मोटरचे ब्रश बदलायला गेलेलो. कलावती मागे सुकं खोकत होती. वाल्वमध्ये कचरा अडकला की कसा थांबून थांबून आवाज येतो, तसा. मी डॉक्टरांना म्हटलं, "फिनेल बदला, उग्र आहे." त्यांनी बदललं. मी एवढं लक्ष ठेवतो हे बघून त्यांना कौतुक वाटलं.

२७ सप्टेंबर

सुरतेला प्लेग. पेपरात दुसरं काही नाही. स्टेशनात लोक नाकाला रुमाल बांधून, केमिस्टकडे टेट्रासायक्लिनला रांगा. कोणी शिंकला तर माणसं दूर होतात.

दुपारी आठल्यांकडे होतो. बाहेर पेशंट बसलेले, त्यात सोसायटीतलेही. टिल्लू तोंडाला पंचा बांधून उभे. मागून खोकल्याचा आवाज आला आणि बाकावरची एक बाई उठून थेट रस्त्यावर गेली.

टिल्लू म्हणाले, "डॉक्टर, ही तुमची मुलगी कधीपासून खोकतेय? सोसायटीला जाब द्यावा लागतो मला."

डॉक्टर गोंधळले. "असेल थोडे दिवस..." मग माझ्याकडे वळले. "मढवी, तुमचे कान तिखट. कधीपासून ऐकताय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर बरं वाटलं मला. मी म्हटलं, "प्लेगबिग काही नाही हो. आषाढापासून ऐकतोय मी. जुना खोकला आहे. घरूनच आणला असणार. टिटवाळ्याला वडील तिचे खोकूनच गेले म्हणतात."

हे कोणी म्हणतं असं नाही. कलावतीच एकदा म्हणाली होती, वडील दम्याने गेले. पण लोकांची प्लेगची भीती घालवायची होती, तेव्हा जुनं काहीतरी सांगणं बरं, असं मला वाटलं. आणि खरंच घोळका जरा शांत झाला.

ती दारात उभी होती. ऐकलं असणार. डॉक्टर तिला हळूच म्हणाले, "तू थोडे दिवस घरी राहा. पालिकेच्या दवाखान्यात दाखवून घे." तिने पर्स घेतली, डबा घेतला. माझ्याजवळून जाताना पदर तोंडाला लावला, मला लागू नये म्हणून.

४ ऑक्टोबर

फोन ठेवायला उसंत नाही. ठाणे, मुलुंड, कल्याण, सगळ्या दंतवैद्यांना एकाएकी कर्णा हवाय. प्लेगला आणि दातांना संबंध नाही, पण भीतीला संबंध लागत नाही. दोन माणसं नवी घेतली.

९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी सांगितलं, कलावतीला क्षय निघाला. थुंकीत सापडला. औषधाने बरा होईल म्हणतात, सहा-आठ महिने गोळ्या नेमाने घेतल्या तर. सासूने तिला टिटवाळ्याला पाठवलं, मुलगी ठेवून घेतली. चाळीत बोललं जातंय, माहेरचा रोग लपवून लग्न लावून दिलं.

मी तसं म्हटलेलं नाही. म्हणजे, अगदी तसं म्हटलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "बिचारी. आणि हो, नवी मुलगी ठेवलीय, रतन. कामाला हुशार आहे. तुम्ही येऊन तिला मोटर साफ करायला शिकवा."

दसरा

आज जे झालं ते नीट लिहितो. लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा. पोरांनी झेंडूची तोरणं लावली, सगळी मशीनं चालू केली, आवाजाचा नैवेद्य म्हणून. एक नवा कर्णा टेबलावर होता, त्यालाही हार घातला, चालू केला. माझी बायको सरस्वती धुपाटणं घेऊन आली. एकेका मशीनला ओवाळत ती कर्ण्यापर्यंत आली. मी कर्ण्याच्या तोंडाशी उभा. धुपाचा लोट उठला आणि माझ्या नाकाला न लागता सरळ आत गेला. पोरांनी "वा काका!" केलं. मी हसत होतो.

मग धुपाटणं कर्ण्यासमोर ठेवून ती हळदकुंकू आणायला टेबलामागे गेली, तिथं नळीचं तोंड सुटं पडलेलं. तिला ठसका लागला. खोकायलाच लागली. "अवो, बंद करा ती! समदा धूर माझ्याच तोंडावर येतोय!"

सगळे हसले. मी बटण बंद केलं. हात माझा बटणावरच राहिला.

समोरच्याच्या नाकाला लागत नाही. सगळं नळीत. नळीच्या दुसऱ्या टोकाला जो बसला असेल त्याच्या तोंडावर. दौलतराव खुर्चीत हसताहसता खोकतात. पाण्याच्या वर ठेवलेलं नळीचं तोंड. शेजारी स्टूल. स्टुलावर डबा उघडून बसलेली.

सरस्वती म्हणाली, "कं झाला? पूजा झाली ना, जेवाचा हाय कं नाय?"

जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हटलं.

१७ ऑक्टोबर

पाण्यात बुडवली असती तर? तरी सुटलीच असती म्हणा, बुडबुड्यातून कोण अडवतं. पण मी वर काढली ती आवाजासाठी. माझ्या कौतुकाच्या शांततेसाठी.

कोणाला ठाऊक नाही. ठाऊक असण्यासारखं काही नाहीच. सगळं डोळ्यांसमोर आहे, पण बघितलं फक्त मी.

२२ ऑक्टोबर

कल्याणला कर्णा बसवला. नळी भिंतीतून बाहेर, वर पत्र्यापर्यंत चढवली, टोकाला जाळी. डॉक्टर म्हणाले, "एवढं कशाला? आठल्यांकडे तर आतच आहे." म्हटलं, "नवीन पद्धत आहे."

आता सगळीकडे असंच बसवतोय. डोंबिवलीला गेलेलो नाही. नळी बदलायला गेलो तर का बदलली ते सांगावं लागेल.

३० ऑक्टोबर

खोपटच्या डेपोत एक बाई खोकत होती. मी एसटी सोडून रिक्षाने गेलो.

कालपासून मी गाणं ऐकू आलं की रेडिओ बंद करतो. सरस्वती विचारते, दात दुखतो कं? दातवाल्यांचा मेकॅनिक, दात दुखतो म्हणून गप्प. हसण्यासारखं आहे. हसलो नाही.

७ नोव्हेंबर

दिवाळी कशी गेली कळलं नाही. आज धीर करून डॉक्टरांच्या घरी गेलो, दवाखान्यात नव्हे. फराळाचं ताट पुढ्यात आलं, त्याला हात लावायच्या आधी सगळं सांगितलं. नळी, डबा, पाण्याच्या वर ठेवलेलं तोंड, दौलतराव.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मढवी, हे सिद्ध करता येणार नाही. क्षय कुठूनही होतो. चाळीत, बाजारात, कुठंही."

"होय डॉक्टर."

"आणि तो डबा मीही रोज बघत होतो."

"होय डॉक्टर."

"मग आता काय करायचं म्हणता?"

शेवटी ते म्हणाले, तिच्या औषधांचं मी बघतो. आणि आम्ही दोघांनी, खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखा श्वास सोडला. कुठूनही होतो. मी ते वाक्य वर्कशॉपपर्यंत तोंडात घोळवत आणलं. चव नव्हती त्याला.

१३ नोव्हेंबर, टिटवाळा

गेलो. पत्ता डॉक्टरांकडून घेतला. स्टेशनपासून लांब, नव्या बिल्डिंगांच्या मागे जुनी बैठी घरं आहेत त्यात. आई बाहेर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली आणि पहिलं काय म्हणाली तर, "आत जाऊ नका हो, लागेल तुम्हाला."

मी आत गेलो. कलावती खिडकीपाशी बसलेली. अर्धी झालीय. पण डोळे तेच. मला बघून पदर तोंडाला लावला आणि हसली. "काका! तुम्ही एवढ्या लांब? डॉक्टर पण नाही आले."

ती बोलत राहिली. गोळ्यांनी लघवी लाल होते, आई पहिल्यांदा किती घाबरली. खोकला आता कमी आहे. मुलीला बघायला मिळत नाही. नवरा एकदा आला, बाहेर उभा राहून पिशवी देऊन गेला. "सासूबाई म्हणतात फसवलं आम्हाला. काका, माझ्या बाबांना दमा होता हो. दम्याची चिठ्ठी आहे इस्पितळाची. कोणी वाचतच नाही."

मग मी सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, मध्ये थांबलो नाही. नळीपासून सांगितलं आणि त्या दिवशी बाहेर सगळ्यांसमोर जे बोललो तेही.

मला वाटलं रडेल. शिव्या देईल. निदान उठून जायला सांगेल. मी त्याची वाट बघत होतो, खरं म्हणजे मला ते हवंच होतं.

ती म्हणाली, "तिथं आता कोण बसतं?"

मला कळलं नाही. "कुठं?"

"मागच्या खोलीत. स्टुलावर. माझ्या जागी कोणाला घेतलं असेल ना?"

"रतन म्हणून आहे."

"आणि नळी?"

महिना झाला दसऱ्याला. महिनाभर मी रडलो, जेवलो नाही, रेडिओ बंद केला, डॉक्टरांसमोर हात जोडले. नळी आहे तिथं आहे.

कलावतीने पदर काढला तोंडावरचा. पहिल्यांदा रागावलेली दिसली. "काका, मग तुम्ही इथं काय करताय? जा ना आधी!"

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाली, "आणि आमच्या घरात रोग नव्हता हे मला ठाऊक आहे, मला कशाला सांगता? माझ्या सासूला सांगा."

१३ नोव्हेंबर, तोच दिवस

थेट डोंबिवली. रविवार, पण डॉक्टर सकाळचे पेशंट घेतात. वाटेत हार्डवेअरवाल्याकडून छिन्नी-हातोडा घेतला. दवाखान्यात शिरलो तेव्हा आत एअरोटर चालू होता, म्हणजे कर्णाही चालू. मागच्या खोलीत गेलो. एक मुलगी स्टुलावर बसून पोळी खात होती, डब्याकडे पाठ करून, वास येतो म्हणून असेल. मी मोटरची वायर भिंतीतून उपसली.

"ओ! कोण तुम्ही?"

"ऊठ बाळ. डबा घेऊन बाहेर जा. अंगणात बस."

आणि विटा फोडायला घेतल्या. पहिल्या घावाला डॉक्टर आले, दुसऱ्या-तिसऱ्याला टिल्लू. "अहो, हे काय? परवानगी? जनरल बॉडी..."

मी म्हटलं, "टिल्लूसाहेब, पापड वाळले का?" एवढंच बोललो. मग पुढे बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की कलावतीने इथं काही आणलं नव्हतं. इथूनच घेऊन गेली. आम्ही पेशंटच्या तोंडातली हवा पकडली आणि ती बसते तिथं सोडली. मी सोडली.

टिल्लू म्हणाले, "हळू हो, बिल्डिंगचं नाव..." डॉक्टरांनी हातमोजे काढले, टिल्लूंना बाजूला केलं आणि पडलेल्या विटा उचलून बाहेर नेऊन ठेवायला लागले. पांढरा कोट लाल झाला.

नळी आता भिंतीतून बाहेर, गच्चीपर्यंत. मागच्या खोलीच्या खिडकीची खिळे ठोकून बंद केलेली काचही काढली. रतन पायरीवर बसलेली. मी हात धुवायला गेलो तर म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस जेवत होते ते...?"

डॉक्टर म्हणाले, उद्या तिचा फोटो काढू, आणि पुढेही काढत राहू. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

१४ नोव्हेंबर

कलावतीच्या सासरी. आयरे रोडची चाळ, लांब गॅलरी, टोकाला नळ. मुद्दाम संध्याकाळी गेलो, सासू घरी असते म्हणून. जनाबाई तिचं नाव. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. तिच्या पदराला धरून एक लहान मुलगी उभी, आईचेच डोळे.

आत बसून सांगितलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही आजी. मेकॅनिक."

"मग तुमचं कशावरून खरं धरू?"

"नका धरू. डॉक्टरांना विचारा. ते येतील सांगायला."

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात रोग घरचा, तेव्हा कोणी विचारलं नाही मेकॅनिक का डॉक्टर. दुपारी तुम्ही बोललात, दिवेलागणीला इथं पोचलं." ती उठली. "आणि मला एकटीला आत बसून कशाला सांगता? मी काय एकटीनं ऐकलं होतं? सगळ्या चाळीनं ऐकलं. बाहेर चला."

नळाला पाणी आलं होतं. बायका रांगेत, हंडे, कळश्या, बादल्या. पोरं गॅलरीत. जनाबाईने मला नळापाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "हे गृहस्थ काही सांगतायत, ऐका."

मी सांगायला लागलो. कर्णा म्हणजे काय ते सांगितलं, नळी कुठं सोडली ते सांगितलं, टिटवाळ्याचं मी रचून बोललो ते सांगितलं. तिच्या वडिलांना दमा होता, तिने काही लपवलं नाही, काही आणलं नाही. गोळ्या घेतल्यावर तिच्यापासून कोणाला भीती नाही, असं डॉक्टर म्हणतात.

पाण्याचा धो धो आवाज. पुढच्या दोन-तीन बायकांनी ऐकलं, एकीने हंडा खाली ठेवला. रांगेच्या मागून कोणीतरी विचारलं, "काय म्हणतायत? ऐकू नाही आलं."

जनाबाईने हात लांब करून नळ बंद केला.

मी परत पहिल्यापासून सांगितलं.